बेणं कोण राखणार?



ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या गॅटनला सरकारी भाजीपाला संशोधन केंद्र आहे. तिथल्या रताळ्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. आपल्याकडे रताळ्याची आठवण होते ती आषाढी एकादशीला, महाशिवरात्रीला. ऑस्ट्रेलियाच्या शेजारच्या पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात मात्र ते रोजचं जेवण. तिथे त्याला ‘काऊकाऊ’ म्हणतात, आणि ते पिकवतात मुख्यतः बायका.

रताळ्याचे वेल तोडून लावतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. वेलात एकदा विषाणू शिरला की तो बेण्याबरोबर पुढच्या हंगामात जातो. मावा आणि पांढरी माशी त्यात भर घालतात. पानांवर पुष्कळदा काहीच दिसत नाही. वर वेल हिरवागार आणि खाली रताळी वर्षागणिक बारीक. शेतकरीण बोल लावते जमिनीला.

हा विषाणू काढून टाकायला गॅटनमध्ये वेल आधी काही आठवडे उष्ण खोलीत वाढवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली शेंड्याचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा कोंब कापून परीक्षानळीत लावतात, कारण त्या टोकापर्यंत विषाणू बहुधा पोचलेला नसतो. रोप तयार झालं की त्याचा तुकडा ‘आयपोमिया सेटोसा’ या रताळ्याच्या रानटी भाऊबंदावर कलम करतात. विषाणू शिल्लक असेल तर त्या झाडाची नवी पानं डागाळतात, शिरा पिवळ्या पडतात. महिनोन् महिने चालणारं काम आहे हे, आणि त्यात घाई करून चालत नाही. त्याच राज्यातल्या बंडाबर्गच्या बागायतदारांनी हे स्वच्छ बेणं उचललं आणि त्यांचं उत्पन्न वाढलं. बेणं पुन्हा रोगट झालं, तर ते नवं विकत घेतात.

ऑस्ट्रेलियाने १९८२ साली गरीब देशांतल्या शास्त्रज्ञांबरोबर काम करण्यासाठी कॅनबेरात आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्र काढलं. त्याच्या मदतीने हे तंत्र पापुआ न्यू गिनीच्या आयुरा संशोधन केंद्रात गेलं. तिथे खरा कस लागला. स्वच्छ वेलसुद्धा शेतात काही हंगामांत पुन्हा रोगट होतो. डोंगरातली बाई वेल आणते बहिणीकडून, शेजारणीकडून. दर वेळी नवं बेणं घ्यायला तिच्या गाठीला पैसा कुठला? म्हणून गावाजवळ कीटक शिरणार नाहीत अशी जाळीघरं उभारायची आणि तिथल्याच माणसांना बेणं वाढवून विकायला शिकवायचं, अशी कामाची दिशा ठरली. माझ्या मते संशोधनाचा हा अर्धा भाग प्रयोगशाळेतल्या भागापेक्षा अवघड आहे. त्याला शोधनिबंधात चार ओळीही मिळत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडेही वेल शेजारच्या शिवारातूनच येतो. आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले काही जण उद्या कृषी विज्ञान केंद्रांत जातील, काही संशोधनात राहतील. नवं वाण किंवा स्वच्छ बेणं गावात नेलंत, तर माझी एक विनंती आहे. अहवालात हेक्टरी उत्पन्न लिहाच. पण बचत गटाला जाळीघर उभारायला किती खर्च येतो, ते फाटलं तर कोण शिवणार आणि दोन हंगामांनी ताजं बेणं कोणत्या गावी मिळणार, हेही त्याच पानावर लिहा. ज्या बाईला ते लावायचं आहे, तिला विचारून लिहा.