व्यसनमुक्तीचे घरबसले साधन

(गडब येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी दारूचा विषय काढणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु हळदीच्या रात्री देवकार्याहून दारूवर अधिक खर्च होतो, आणि खाडीकाठची भातजमीन देऊन आलेला पैसा काही घरांत बाटलीच्या वाटे गेला, हे आपण सर्वच जाणतो. तेव्हा आपल्याच सभेत याविषयी मौन धरणे हेच अधिक अप्रशस्त होय, असे आम्हांस वाटते.

दारूबंदीचा कायदा 1949 साली झाला. तो आजही पुस्तकात आहे आणि दारूही गावात आहे. यावरून नुसत्या कायद्याने व्यसन सुटत नाही, हे उघड आहे. दटावणी, शपथ आणि मारझोड यांनीही ते सुटत नाही. कारण मद्यासक्ती हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र सांगते. पुण्यास डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट या दांपत्याने 1986 साली ‘मुक्तांगण’ सुरू केले, ते याच जाणिवेने.

अमेरिकेत 1935 साली दोन मद्यासक्त गृहस्थ एकत्र आले. एकाने दुसऱ्यास आधार दिला की दोघेही तरतात, हा अनुभव त्यांना आला व त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही मंडळी उभी राहिली. तेथे वर्गणीची सक्ती नाही व कोणी आडनावही विचारीत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच काय ती पात्रता.

परंतु आपल्याकडील माणूस सभेस जावयास लाजतो. पेणला कोणी पाहिले तर काय, हे भय. शिवाय कारखान्याची पाळी आडवी येते. 2020 साली टाळेबंदी आली तेव्हा या सभा मोबाईलवर भरू लागल्या, आणि त्यांतील अनेक पुढेही चालू राहिल्या. चेहरा न दाखविताही तेथे ऐकता येते. यांखेरीज इंटरनेटवर स्वतःच करावयाचे अभ्यासक्रमही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे. तिच्यात आठ वा अधिक गुण पडले तर सावध व्हावे. मग रोज किती प्यालो ते नोंदावे, कोणत्या वेळी व कोणाच्या संगतीत हात पेल्याकडे जातो ते पाहावे, आणि त्या वेळेसाठी दुसरे काम आधीच योजावे. ही शिस्त आम्हां शिक्षकांस परिचित आहे; रोजची वही लिहिणाऱ्यास आपली चूक आपणच सापडते.

येथे एक धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने एकाएकी दारू तोडली तर हात कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्राणघातक प्रकार घडू शकतात. अशा माणसाने मोबाईलवर विसंबू नये. प्रथम डॉक्टर गाठावा. सरकारच्या 14446 या विनामूल्य क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

कोणी म्हणेल, ज्या मोबाईलने मुले बिघडली त्याच मोबाईलने ती सुधारतील काय? आमचे उत्तर असे की, साधन निर्जीव आहे. त्यामागे घराचा आधार हवा. रात्री मुलगा सभा ऐकत असेल तर त्याची थट्टा करू नये. तो दारू सोडीत असता हळदीत त्याच्यापुढे पेला धरणारा आप्त हा आप्त नव्हे. घरच्या मंडळींसाठीही ‘अल-अ‍ॅनॉन’ या नावाच्या सभा भरतात. माताभगिनींनी त्यांचा लाभ घ्यावा.

नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 सालापासून सुमारे सहा वर्षे संप चालविला. शेते ओस ठेवली, हाल सोसले, पण एकी मोडली नाही. ती माणसे आपलीच होती. तेवढा निग्रह आज एका हळदीपुरता तरी आपण दाखवू या. येत्या लग्नसराईत आपल्या दारच्या मांडवात दारू येणार नाही, असा निश्चय करूनच प्रत्येकाने घरी जावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.