घशात हाड अडकलेले कुत्रे

गुरांच्या दवाखान्यात बैल येतो, म्हैस येते, शेळी तर रोजच येते. कुत्रे मात्र क्वचित. मळ्याच्या राखणीला ते सर्वांना हवे, पण त्याच्या औषधपाण्याची आठवण अगदी शेवटी होते. मांजराचे तर विचारूच नका!

कुत्र्याला खरूज होते, गोचीड लागतात, पोटात जंत होतात. लहान पिलांना उलट्या आणि रक्ताची हगवण लागून दोन-चार दिवसांत ती दगावतात. त्या रोगावर लस आहे, ती वेळेवर टोचून घ्यावी. आणि एक ध्यानात ठेवा, अंग गरम लागले म्हणून मांजराला आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. माणसाचे ते औषध मांजराला विष आहे.

पण आज मुख्य सांगायचे ते वेगळेच. काही वर्षांपूर्वी एक म्हातारबाबा आपले कुत्रे दोरीने ओढत घेऊन आले. म्हणाले, "डाक्टरसाहेब, याच्या घशात हाड अडकलंय. दोन दिस झाले, पाणीबी गिळंना. म्या हात घालून बघितलं, पर काय घावंना."

कुत्रे मुकाट बसले होते. खालचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती. ते भुंकेना, चावेना. मी विचारले, "बाबा, हात कोणता घातलात?" त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटावर दाताचा ताजा ओरखडा होता. मंडळी, माझ्या पोटात धस्स झाले.

पिसाळलेले कुत्रे म्हटले की धावत सुटणारे, दिसेल त्याला चावणारे जनावर आपल्या डोळ्यांपुढे येते. तसे असतेच. पण याच रोगाची, म्हणजे रेबीजची, दुसरी तऱ्हा मुकी असते. जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून गिळता येत नाही. लोकांना वाटते हाड अडकले, आणि घरचाच माणूस मायेने तोंडात हात घालतो. लाळेत तर रोगाचे विषाणू असतात. जखमेतून शिरून ते मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातात. लक्षणे बहुधा १ ते ३ महिन्यांत दिसतात, कधी त्याआधी, कधी पुष्कळ उशिरा. आणि एकदा दिसली की माणूस वाचत नाही असेच धरून चाला. जे काय करायचे ते त्याआधी.

मी बाबांना नळाखाली बसवले. साबण आणि वाहते पाणी, घड्याळ लावून १५ मिनिटे. ते कुरकुरले, "एवढ्याशा खरचटण्याला?" होय, एवढ्याशालाच! चुना, हळद, तिखट काही भरायचे नाही. मग त्याच दिवशी त्यांना सरकारी दवाखान्यात धाडले. तेथे लस टोचली, आणि रक्त निघाले होते म्हणून जखमेतही वेगळे औषध टोचले. पोटात १४ सुया घेण्याचे दिवस गेले. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस २००४-०५ च्या सुमारास आपल्या देशात बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात दंडावर, पहिल्या सुईनंतर ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी टोचतात. दोन सुया घेऊन घरी बसणारे पुष्कळ भेटतात. तसे करू नये.

कुत्रे तिसऱ्या दिवशी मेले. बाबांच्या घरी आणखी चौकशी केली, तेव्हा त्यांचा नातू पुढे आला. त्याचाही हात कुत्र्याने चाटला होता, आणि हाताला खरूज होती. पोर मार बसेल म्हणून बोलले नव्हते. गुरुजी, बाई, हे खास तुमच्यासाठी सांगतो. शाळेच्या आवारात पिले असतात, मांजरेही असतात, आणि मांजराच्या चाव्यानेही हाच रोग होतो. पोरे ओरखडे लपवतात. वर्गात न रागावता विचारा.

नातवालाही लस दिली. आजा-नातू दोघेही ठणठणीत आहेत. बाबांनी पुढे दुसरे पिलू आणले, ते ३ महिन्यांचे होताच लसीला घेऊन आले, आणि आता दरसाल आणतात. कुत्र्याचे तोंड उघडून बघायचे असले, की म्हणतात, "ते तुमचं काम, डाक्टरसाहेब. म्या लांबूनच बघतो."