चाकावरची काजळी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या मालेत आमच्या अगोदर संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्यांच्या मागोमाग, मोटारीच्या चाकांवर वर्षानुवर्षे साचलेली काजळी कशी काढावी, हा विषय घेऊन उभे राहण्यात थोडे धारिष्ट आहे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु परप्रांतात राहणाऱ्या आपणां मंडळींचे गावी जाणे-येणे आता पुष्कळ अंशी या चाकांवरच चालते. सुट्टी लागली, की मुलेबाळे आणि वडीलधारी माणसे यांना गाडीत घेऊन आपण शेकडो किलोमीटर जातो. तेव्हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाही.

प्रथम ही काजळी येते कोठून, ते पाहू. चाकाबरोबर फिरणारी डिस्क बिडाची असते. ब्रेक दाबला, की तिच्या दोन्ही अंगांवर पॅड आवळले जातात. त्या पॅडमध्ये धातूची भुकटी व तंतू, ग्रॅफाइट आणि हे सारे एकत्र धरून ठेवणारी राळ असते. घर्षणाने पॅड झिजतो, तशी डिस्कही झिजते, आणि दोहोंची तापलेली बारीक भुकटी चाकावर उडते. लोखंडाचे तप्त कण चाकाच्या पारदर्शक लेपात रुतून बसतात. पाणी लागले, की ते गंजतात आणि अधिकच घट्ट होतात. एका आठवड्याची काजळी ओल्या स्पंजाने निघते आणि पाच-सहा वर्षांची निघत नाही, याचे कारण हे असे आहे.

ही काजळी ब्रेकच्या कामाची नोंदही असते, आणि नोंद पुसण्यापूर्वी वाचावी. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या ब्रेकांवर काम अधिक पडते व पुढची चाके अधिक काळी होतात. अनेक लहान गाड्यांच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. तेथील भुकटी बहुतांशी ड्रमच्या आतच साठते, म्हणून ती चाके बाहेरून बरीच स्वच्छ दिसतात. हा फरक स्वाभाविक आहे. मात्र पुढच्या दोन चाकांत डावे-उजवे असा ठळक भेद दिसला, तर मिस्त्रीकडे गेलेच पाहिजे. अधिक काळ्या चाकाचा ब्रेक अडकून सतत घासत असेल, किंवा स्वच्छ चाकाचा ब्रेक कामच करीत नसेल.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी बंगळूरहून कोल्हापूर आणि तेथून आंबा घाटाने रत्नागिरीकडे जाण्याचे ठरले होते. गाडी सहा वर्षांची. चाके मनापासून कधी धुतलीच नव्हती. चारचौघांत बरी दिसावी, म्हणून निघण्याच्या आदल्या रविवारी आम्ही बादली घेऊन बसलो. पुढचे डावे चाक कोळशासारखे काळे होते. आम्ही ब्रश उचलला, तोच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, दोन्ही चाकं एकाच गाडीची ना? मग एक एवढं काळं कसं?" आम्हांस उत्तर देता आले नाही. गाडी तशीच मिस्त्रीकडे नेली. ब्रेकच्या कॅलिपरची सरकती पिन गंजून अडकली होती, आणि एक पॅड जवळजवळ पत्र्यापर्यंत झिजला होता. गाडी किंचित डावीकडे ओढते, हे आम्हांस कित्येक दिवस जाणवत होते. दोष आम्ही रस्त्याला देत होतो. सतत घासणारा ब्रेक घाटाच्या लांब उतारावर आणखी तापला असता, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी पकड सोडतो. मागच्या आसनावर आमची आई आणि दोन नातवंडे बसायची होती. त्या दिवशी आम्ही चाक आधी धुतले असते, तर खूण आमच्याच हाताने पुसली गेली असती.

आता धुण्याकडे वळू. येथे आपली घरची विद्या आड येते. समई आणि तांब्या-पितळेची भांडी आपण चिंच लावून, राख व काथ्याने घासून लख्ख करतो. तीच सवय हाताला लागलेली असते. पण अलॉयचे चाक म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियम. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असते. स्वयंपाकघरातल्या जर्मनच्या पातेल्याचा हा भाऊबंद आहे. आंबट आमटी त्या पातेल्यात ठेवू नये आणि ते धुण्याच्या सोड्यात भिजवू नये, हे आपल्या घरांतून ठाऊक असते. ॲल्युमिनियम आम्लातही झिजते आणि तीव्र अल्कलीतही. शिवाय चाकावर पारदर्शक लेप असतो. काथ्या, तारेची घासणी किंवा वाळूचा कागद यांनी तो फाटला, की ओल खाली शिरते आणि पांढरट, अळीसारख्या रेषा लेपाखाली पसरू लागतात. त्या कोणत्याही धुण्याने जात नाहीत.

म्हणून पद्धत अशी. प्रवासाहून आल्या आल्या चाकाला हात लावू नये. ते निवू द्यावे व गाडी सावलीत घ्यावी. कोरडी भुकटी फुंकू नये, हवेच्या नळीनेही उडवू नये. जुन्या पॅडांत व ड्रमच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरले जाई; ते फुफ्फुसांस घातक आहे, आणि आजची भुकटीही श्वासात जाण्याजोगी नाही. आधी पाण्याने भिजवावे. मग गाडीच्या शाम्पूच्या पाण्याने, मऊ ब्रश आणि स्पंज वापरून, एका वेळी एकच चाक धुवावे. ब्रश खळबळण्यासाठी दुसरी बादली ठेवावी, नाहीतर निघालेली कचकच पुन्हा चाकावरच घासली जाते.

एवढ्याने वरचा मळ जाईल, रुतलेले लोखंडी कण राहतील. त्यांच्यासाठी लोखंड विरघळविणारे क्लीनर मिळते. ज्यात थायोग्लायकोलेट असते आणि जे आम्लधर्मी नाही, असे पाहून घ्यावे. लोखंडाशी संयोग होताच ते जांभळे होते आणि चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. वास उग्र असतो. हातमोजे घालावेत व मोकळ्या हवेत बसावे. बाटलीवर लिहिली असतील तेवढीच मिनिटे थांबून, सुकण्यापूर्वी भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. पाच वर्षांची काजळी एका वेळेस जात नाही. तीनदा लावावे, पण एकदाही खरवडू नये. डांबराचे ठिपके राहिलेच, तर फडक्यावर थोडे टर्पेंटाइन घेऊन टिपावेत. डिस्कवर व पॅडवर मात्र त्याचा थेंबही जाऊ देऊ नये. लगेच चमक आणणाऱ्या तीव्र आम्लाच्या बाटल्या घरात आणूच नयेत. काहींत हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या जातीची द्रव्ये असतात. ती कातडीतून आत उतरून हाडापर्यंत इजा करतात.

चाकाची आतली बाजू धुण्यासाठी ते उतरवावे लागते. ते काम सपाट जागी, हँडब्रेक ओढून, दुसऱ्या चाकांना अडण लावूनच करावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. चाक परत बसविताना नट समोरासमोरचे क्रमाने आवळावेत, आणि ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासावेत. स्वच्छ झालेल्या चाकाचे आरे आणि कड बोट फिरवून पाहावी. खड्ड्यांनी पडलेली बारीक चीर काजळीखाली दिसत नाही, ती आता दिसते. चाक कोरडे करून वर मेणाचा हात द्यावा, म्हणजे पुढली भुकटी घट्ट बसत नाही. शेवटी गाडी हळू चालवून चार-सहा वेळा ब्रेक दाबावा. ओली डिस्क पहिल्या दाबाला नीट धरीत नाही, हे विसरू नये.

या सर्वांस आम्हांला दोन रविवार लागले. पुढे पंधरा दिवसांनी एकदा नुसते पाणी व शाम्पू पुरले.

भाषण संपविताना एकच विनंती. उद्या सकाळी आपल्या गाडीपाशी जा, पण बादली घरीच ठेवा. चारही चाके प्रथम नुसती पाहा. पुढची दोन सारखी काळी असतील, तर निश्चिंतपणे धुवायला घ्या. नसतील, तर आधी मिस्त्रीकडे जा. गाव कोठे पळून जात नाही.