गंगामातेचा वकील



गंगेला आपण माता म्हणतो. पण न्यायालयात तिची बाजू कोणी मांडायची? १९८५ साली ॲड. एम. सी. मेहता यांनी ती सर्वोच्च न्यायालयात मांडली. २२ सप्टेंबर १९८७ रोजी न्यायालयाने कानपूरजवळच्या जाजमऊ येथील, सांडपाण्यावर प्राथमिक प्रक्रियाही न करणारे चर्मोद्योग बंद करण्याचा आदेश दिला. रोजगार बुडेल हे जाणूनही न्यायमूर्तींनी लोकांचे जीवन व आरोग्य अधिक मोलाचे मानले. मेहता नदीकाठचे रहिवासी नव्हते; तरी १९८८ च्या निकालाने त्यांचा दाद मागण्याचा अधिकार मान्य केला.

आदेश निघाले, तरी गंगा अजून पूर्णतः निर्मळ झालेली नाही. अंमलबजावणीचा पाठपुरावा वर्षानुवर्षे करावा लागतो. पालकहो, कायदा शिकणाऱ्या मुला-मुलींना ही वाटही दाखवा. आरतीइतकीच ही मातृसेवा आहे.