पूर्णेचे पाणी आणि पावसाचे अंदाज

(औंढा नागनाथ येथे पंचायत सदस्य, शिक्षक आणि तालुक्यातील अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी एप्रिलच्या मध्यास वृत्तपत्रांतून एक आकडा प्रसिद्ध होतो. यंदा पाऊस सरासरीच्या इतके टक्के पडेल, असे भारतीय हवामान विभाग जाहीर करतो आणि तो आकडा वाचून आपण लागलीच आपल्या शिवाराकडे पाहू लागतो. हा आकडा सबंध देशाचा असतो, हे मात्र ध्यानात राहत नाही. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांत जून ते सप्टेंबर या काळात देशभर पडलेल्या पावसाची सरासरी ८७ सेंटीमीटर येते. तिच्याशी केलेली ती तुलना होय. २०२३ साली अंदाज ९६ टक्क्यांचा होता आणि प्रत्यक्षात ९४ टक्के पाऊस झाला. अंदाज चुकला असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याच वर्षीचा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. चार महिन्यांची बेरीज जुळली, तरी सोयाबीनच्या फुलोऱ्याला पाणी मिळाले नाही.

तेव्हा पाण्याचे नियोजन करणाऱ्याला पावसाच्या अंदाजापेक्षा निराळा अंदाज लागतो. नदीला पाणी किती येईल आणि केव्हा येईल, हे त्याला कळावे लागते. आपल्यापुरती ही नदी म्हणजे पूर्णा. (तापीला मिळणारी पूर्णा वेगळी, ही अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीला मिळते.) जिंतूर तालुक्यातील येलदरी आणि आपल्या तालुक्यातील सिद्धेश्वर ही दोन्ही धरणे १९६८ साली पुरी झाली. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, तर सिद्धेश्वरचा जेमतेम ८१. म्हणजे कालवा सिद्धेश्वरहून निघतो, पण त्याची खरी तिजोरी येलदरीला आहे.

पावसापासून नदीच्या पाण्याचा हिशेब करण्याची कला जुनी आहे. मुंबई इलाख्यात काम केलेल्या स्ट्रेंज नावाच्या अभियंत्याने तयार केलेली कोष्टके आपल्याकडील पाटबंधारे खात्यात कित्येक वर्षे प्रमाण मानली गेली. त्यांतील एक गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असते. जमीन कोरडी, ओलसर आणि भिजलेली असे तीन प्रकार मानून स्ट्रेंजने एका दिवसाच्या पावसातून किती पाणी वाहून जाईल, हे मांडले. जूनमध्ये तापलेल्या काळ्या जमिनीवर पन्नास मिलीमीटर पाऊस पडला, तर तो भेगांत मुरतो आणि ओढ्याला लोंढा येत नाही. तोच पाऊस सप्टेंबरात भिजल्या रानावर पडला, तर ओढे दुथडी वाहतात. आजच्या संगणकीय पद्धती कितीही गुंतागुंतीच्या असल्या, तरी जमिनीची ओल किती हा प्रश्न त्यांनाही चुकलेला नाही.

धरण बांधताना मागील अनेक वर्षांच्या नोंदी पाहून, चारपैकी तीन वर्षे मिळेल इतके पाणी हिशेबात धरण्याची प्रथा आहे. यालाच ७५ टक्के विश्वासार्हता म्हणतात. या हिशेबात एक गृहीत दडलेले असते, ते असे की पुढील पन्नास वर्षे मागील पन्नास वर्षांसारखीच जातील. येलदरीच्या बाबतीत हे गृहीत दोन बाजूंनी ढासळले आहे. एक बाजू आपणच निर्माण केलेली आहे. वरच्या अंगाला बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा प्रकल्प झाला, गावोगावी बंधारे आणि शेततळी झाली. ती चुकीची नव्हेत. पण तितके पाणी येलदरीपर्यंत येत नाही, हेही खरे.

दुसरी बाजू हवामानाची. केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. उलट मध्य भारतात एका दिवसात १५० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. कारण समजण्यास कठीण नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि ते जेव्हा कोसळते तेव्हा एकदम कोसळते. या शतकाच्या अखेरीपर्यंतचे अनुमान मोसमी पाऊस एकंदरीत वाढेल, पण अधिक लहरी होईल, असे सांगते. अमुक साली औंढ्यात काय होईल, हे असली अनुमाने सांगत नाहीत, आणि तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

मग धरणावर बसलेल्या अभियंत्याने काय करावे? १ व २ सप्टेंबर २०२४ रोजी हिंगोली, परभणी, नांदेड या पट्ट्यात अतिवृष्टी झाली. अशा वेळी आधीच पाणी सोडले तर पुराला जागा मिळते. पण पाऊस हुकला तर सोडलेले पाणी परत येत नाही. न सोडावे तर खाली वसमत, पूर्णा आणि पुढे गोदावरीकाठचे नांदेड. सिद्धेश्वरची पोटजागा लहान असल्याने हा पेच तेथे अधिकच बिकट. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली भारत फोरकास्ट प्रणाली मे २०२५ पासून कार्यान्वित झाली असून पूर्वीच्या १२ किलोमीटरऐवजी ६ किलोमीटर अंतराच्या चौकटीत ती अंदाज देते. दोनतीन दिवसांच्या निर्णयाला हा मोठाच आधार आहे. मात्र त्या अंदाजावरून दारे किती उचलावीत याचे लेखी वेळापत्रक पावसाळ्याआधी ठरलेले असावे. ऐन पुरात दूरध्वनीवरून वाद होऊ नयेत.

ऑक्टोबरचा पेच निराळा. १५ ऑक्टोबरचा साठा पाहून कालवा सल्लागार समितीत रब्बीच्या पाणीपाळ्या ठरतात. २०१९ साली येलदरीत मुख्य पाणी आले ते ऑक्टोबर अखेरच्या पावसाने. अशा वर्षांसाठी नोव्हेंबरात फेरविचाराची एक बैठक आधीच ठरवून ठेवावी, असे माझे मत आहे.

शाळांसाठी एक काम सांगतो. एक हेक्टरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. सातवीच्या मुलांनाही गावाचा हिशेब करता येईल. महावेध प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळागणिक एक आहेत, आणि एकाच मंडळात एका गावी ओढा फुटतो तर दुसऱ्या गावी धूळ उडते, हे आपण पाहतोच. याच तालुक्यात दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी मोजणारी वेधशाळा उभी राहणार आहे, तिला २०२३ साली केंद्राची अंतिम मान्यता मिळाली. तेथे शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक नसावा हे शोभत नाही. सकाळी साडेआठला रोज एक नोंद, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींप्रमाणे जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबरात गावातील चार विहिरींची पातळी, एवढे एका वहीत मावते. ती वही ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचली, तर हरभरा किती आणि गहू किती पेरावा, याची चर्चा एप्रिलच्या आकड्यावर न होता गावातल्या पाण्यावर होईल. पहिल्या वर्षी तिचा फारसा उपयोग दिसणार नाही. पाच वर्षांच्या नोंदी जमल्या की आपल्या ओढ्याला कोणत्या पावसाने पाणी येते, हे तीत सापडू लागेल.