आईचं नाव

माझ्या आईचं नाव सुरय्या. तिचा जन्म १९५०चा. आदल्याच वर्षी 'बडी बहन' हा चित्रपट आला होता, आणि त्यातल्या गायिका-अभिनेत्री सुरय्याच्या आवाजावर आमचे नाना फिदा होते. मुलगी झाली तेव्हा त्यांना दुसरं नाव सुचलंच नाही. पुढं शाळेत गुरुजींना ते अनोळखी वाटलं असावं. त्यांनी लिहिलं, 'सूर्या'. मग रेशनकार्ड, मतदारयादी, सगळीकडं आई सूर्याच राहिली. ती गेली तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावरही तेच नाव आलं.

मागच्या वर्षी मला नात झाली. मी लेकीला म्हणालो, "आजीचं नाव ठेव." ती म्हणाली, "अब्बा, आता कोण ठेवतं हे नाव? आणि त्याचा अर्थ तरी काय?"

मी कवी म्हणवून घेणारा माणूस. पण आईच्या नावाचा अर्थ मला सांगता येईना. शरमलो आणि कोश उघडला.

शब्द अरबी. तिथं त्याचं पहिलं अक्षर 'थ'च्या जवळचं. फारसी-उर्दूत आल्यावर त्याचा 'स' झाला. मूळ अर्थ विपुलतेचा. 'सरवत' म्हणजे संपत्ती, हा शब्दही त्याच घरचा. सुरय्या हे त्याचं लाडकं, लहान रूप : इवलीशी, पण भरलेली. अरबांनी हे नाव आकाशातल्या एका तारकापुंजाला दिलं. झुंबरालाही ते सुरय्याच म्हणतात.

आणि तो तारकापुंज कोणता? आपल्या कृत्तिका! कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या त्या सहा माता. कार्तिक महिन्याला नाव मिळालं तेही त्यांच्यावरूनच. मे महिन्यात सूर्य त्यांच्यापाशी असतो, म्हणून त्या दिसत नाहीत. थंडीत संध्याकाळीच पूर्वेला वर येतात. अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षं.

गंमत पुढंच आहे. इराणी लोक याच पुंजाला 'परवीन' म्हणतात. माझ्या मावशीचं नाव परवीन! दोघी बहिणी जन्मभर एकच नाव वागवत होत्या, अन् त्यांना पत्ता नव्हता. शेजारच्या कुलकर्ण्यांची कृत्तिका आमच्या अंगणात खेळायची, तीही त्यांचीच नामबहीण. ज्या नावाला आम्ही दूरदेशीचं समजत होतो, ते रोज रात्री आमच्याच कौलांवर उगवत होतं.

लेकीला हे सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. बारशाच्या दिवशी तिनं पोरीच्या कानात हळूच म्हटलं, "सुरय्या."

जन्मनोंदणीचा अर्ज मीच भरला. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "सुरय्या म्हणजे?"

"कृत्तिका," मी म्हणालो.

"मग तसं सांगा ना!" म्हणत त्यानं एकेक अक्षर नीट उतरवून घेतलं.

दाखला हातात आला, तेव्हा मी तो तीनदा वाचला. आईचं नाव पहिल्यांदाच सरकारी कागदावर बरोबर लिहिलं गेलं होतं.