मंगळुरी कौल



आपण ज्याला मंगळुरी कौल म्हणतो, त्याचे माहेर नेत्रावतीकाठचे मंगळूर. बासेल मिशनचे जर्मन पाद्री तेथे १८३४ साली आले. जे ख्रिस्ती झाले त्यांना जातीने वाळीत टाकले, त्यांचा पोटाचा धंदा गेला. म्हणून मिशनने कारखाने काढले. १८६५ साली प्लेब्स्ट यांनी कौलांचा कारखाना सुरू केला. माती नदीकाठचीच.

१९१४ साली महायुद्ध पेटले. जर्मन माणसे नजरकैदेत गेली, कारखाने मिशनच्या हातून गेले. मालक गेला, पण कौले पडत राहिली. कारण कसब मजुराच्या हातात उतरले होते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे एवढेच सांगतो: कौलावर छाप कारखान्याची, पण छप्पर मजुराच्या घामाचे.